पंख्याची गाडी एका शर्यतीत घरी बसवली, हे बरोबर झालं का?

उद्यमनगरवाला:
काल मिसळ खाताना पुण्याच्या भाच्याशी भांडण झालं. तिथं मिटलं नाही, म्हणून इथं मांडतोय.

जून 1978, स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पची फॉर्म्युला वन शर्यत. ब्रॅभम संघाच्या बीटी46बी या गाडीच्या मागं भला मोठा पंखा. पोटाखालची हवा ओढून मागं फेकायचा आणि गाडी रस्त्याला चिकटायची. तिचा चालक निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकानं जिंकला. त्यानंतर ती गाडी शर्यतीत उतरलीच नाही. भाचा म्हणतो, चीटिंग होती. मी म्हणतो, रडीचा डाव बाकीच्यांनी खेळला.

त्या काळात लोटस या दुसऱ्या संघानं गाडीचं पोट विमानाच्या उलट्या पंखासारखं केलं होतं. बाजूंना जमिनीला टेकणारे स्कर्ट, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही, खालचा दाब उतरतो, गाडी दाबून बसते. पण त्याला इंजिन चिंचोळं लागतं. लोटसकडं कॉसवर्थचं व्ही-8 होतं. ब्रॅभमकडं अल्फा रोमिओचं आडवं पसरलेलं 12 सिलिंडरचं धूड, खाली हवेला बोगदे काढायला जागाच नाही. ब्रॅभमचा डिझायनर गॉर्डन मरे, त्यानं मग पंखा लावला. हवेच्या दाबासाठी हलणारा भाग लावायला बंदी होती, म्हणून यानं रेडिएटर इंजिनावर आडवा टाकला आणि सांगितलं, पंखा मुख्यतः इंजिन गार करायला आहे.

आपल्याकडं मोठं मशीन नसलं तर माणूस जिग (काम पकडायचा साचा) करून तेच काम काढतो. त्याला कुणी चोर म्हणतं का?

लाल_माती:
भावा, जिगचं ठीक हाय. पण उभ्या गाडीला रेस दिली की ती खाली बसायची. पिटमध्ये पंख्यावर कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावून ठेवत होते. पाणी गार करायची वस्तू कोण झाकून ठेवतं, सांग की!

उद्यमनगरवाला:
नवा पॅटर्न केलेला फौंड्रीवाला शेजाऱ्याला बोलवून दाखवतो होय? आणि पैलवान, तुम्ही तरी असं बोलू नका. समोरच्याला ढाक हा डाव जमत नाही म्हणून ढाकच बंद करा, असं खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणी म्हटलंय का कधी?

लाल_माती:
ढाकेला तोड हाय. ह्या पंख्याला तोड काय? दुसरा पंखा! मग सगळेच पंखे लावून एकमेकांच्या तोंडावर खडे उडवत बसणार. तशी तक्रार त्याच दिवशी झालती. आणि बोट मुरगळणं कुस्तीतबी चालत न्हाई.

मेकॅनिकल_मॅडम:
दोघंही 'बंदी घातली' असं धरून चालला आहात. विजय रद्द झाला नव्हता. ब्रॅभमचा मालक बर्नी एक्लस्टन हाच संघमालकांच्या संघटनेचा म्होरक्या होता. बाकीचे मालक बिथरल्यावर त्यानं गाडी स्वतः मागे घेतली. नियमाचं दार नंतर लागलं. म्हणजे तंत्राचा निकाल राजकारणानं लावला, हे उद्यमनगरवाल्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं.

उरलेलं अर्धं पटत नाही. गाडीवरच्या पंखाचा (विंगचा) दाब वेगाबरोबर वाढतो; हळू वळणावर तो कमीच असतो. पंखा इंजिनावर फिरतो, त्यामुळे हळू वळणावरही ओढ मिळते. वळणाच्या मधोमध तो बंद पडला तर? पकड एका क्षणात जाते. स्कर्ट अडकल्यावरही हेच व्हायचं. 1969 साली स्पेनमधल्या माँटजुइकला ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटसचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले, दोघंही आदळले. पुढच्याच मोनॅकोच्या शर्यतीला उंच पंख बंद. तो निर्णय चुकीचा म्हणणार का?

(आणि पंखाही मरेचा पहिला नाही. 1970 मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या कॅन-अॅम शर्यतींत जिम हॉलची चॅपरल 2जे दोन पंखे घेऊन आली होती, ते फिरवायला स्नोमोबाईलचं वेगळं इंजिन! तीही बंदच झाली.)

उद्यमनगरवाला:
मॅडम, उंच पंख मोडले, माणसं आदळली, मग बंद केले. ठीक. पंख्यानं कुणाचं काय मोडलं? एका शर्यतीत काय कळणार? आणि 2009 चं बघा. ब्रॉन, टोयोटा, विल्यम्स, तीन संघांनी नियमातली फट शोधून डबल डिफ्यूझर (पोटाखालची हवा मागं काढणारा दुमजली भाग) लावला. बाकीचे ओरडले, अपील केलं, फेटाळलं गेलं. ब्रॉनचा चालक जेन्सन बटननं पहिल्या 7 पैकी 6 शर्यती मारल्या, वर्षअखेर विजेतेपदही. तिथं फट चालली, इथं चालली नाही.

लाल_माती:
ते तिघं होते, हा एकटा. आरडाओरडा कुणाचा मोठा त्यावर ठरतंय म्हणायचं.

उद्यमनगरवाला:
मी सकाळपासून दुसरं काय सांगतोय, पैलवान?

मेकॅनिकल_मॅडम:
डबल डिफ्यूझरही 2011 पासून बंदच झाला, ते राहिलं. आणि पोटाखालची हवा 2022 मध्ये नियमांनीच परत आणली, कारण वरच्या पंखांमुळे मागच्या गाडीला गढूळ हवा मिळते आणि ओव्हरटेक होत नाही. लगेच मर्सिडीज सरळ रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारू लागली. 1979 च्या लोटस 80 लाही हाच रोग होता.

लाल_माती:
मंजे 43 वर्षांनी त्याच खड्ड्यात? आमच्या गल्लीतल्या रस्त्यागत झालं की हे.