मदत हवी आहे: लाकडाखालचा टच सेन्सर पावसाळ्यात दगा देतोय

नमस्कार मंडळी. आईला संधिवात आहे, बटण दाबवत नाही. म्हणून तिच्या उशाजवळच्या सागवानी टेबलाला खालून राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाच पाडली, वर ३ मिमी लाकूड ठेवलं आणि आत तांब्याची टेप चिकटवून ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या टच पिनला (स्पर्श ओळखणाऱ्या पिनला) जोडली. उन्हाळाभर नुसता हात टेकवला की दिवा लागायचा. स्पर्श झाला की पिनवरचा आकडा उतरतो. पण आता चिपळूणच्या पावसात लाकडाने ओल धरली आणि तो आकडा न शिवताच उतरलाय. रात्री दिवा आपोआप लागतो, आई दचकून उठते.

आकडा कितीखाली गेला की दिवा लावायचा ही कोडमधली मर्यादा ठरावीक न ठेवता सरासरीनुसार बदलती ठेवू, की ओल अडवायला खाचेत इपॉक्सी (घट्ट होणारं राळेसारखं रसायन) भरू? वरून पॉलिश आहे, खालची बाजू कोरीच आहे. काच मात्र नको, सागाचा स्पर्श तिला आवडतो. कुणी केलंय का असं?