सिग्नलवरून गाडी उठतच नाही, कोणाला काही कल्पना आहे का?

सी-४०२, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी, गाडीबद्दल विचारायचं होतं. माझी १५० सीसी मोटरसायकल आहे, २०१६ ची, कार्बोरेटरवाली, ५८ हजार किलोमीटर झालेत. गेले तीन आठवडे सिग्नलवर थांबलो की परत उचलायला मागत नाही. पहिला गिअर टाकून क्लच सोडायला लागलो की इंजिन दबतं, गुंगुं करतं, एकदम जास्त रेस दिली तरच निघते नाहीतर बंद पडते. आज दांडेकर पुलाच्या सिग्नलला पोरगी मागे बसलेली, हिरवा झाला आणि गाडी दोनदा बंद पडली, मागून बस अगदी अंगावर आलेली, पोरगी घाबरून मला घट्ट धरून बसली होती. मला हे आता चालणार नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, फरक शून्य. आता म्हणतो क्लच प्लेट गेल्यात, २८०० होतील.

बी-६०३, रात्री ९:१५
दादा एअर फिल्टर बघितला का? माझी पण पावसाळ्यात अशीच दबत होती, फिल्टर ओला झालेला.

सी-४०२, रात्री ९:१६
फिल्टर नवीन टाकलाय, गेल्या सर्व्हिसिंगला.

ए-३०५, रात्री ९:१८
पेट्रोलमध्ये पाणी असेल. टाकी पूर्ण रिकामी करून दुसऱ्या पंपावर भरून बघा.

सी-४०२, रात्री ९:२०
तीन वेगवेगळ्या पंपांवर भरून झालं. आणि सकाळी घरून निघताना एकदम मस्त चालते हो, पेट्रोलचं असतं तर सकाळी पण अडली असती ना

डी-२०५, रात्री ९:२४
आमच्या मुलाच्या गाडीला पण पिकअप नाहीये, त्याला पण क्लच प्लेटच सांगितल्यात. सगळ्यांना हेच सांगतात की काय?

ए-१०१ काका, रात्री ९:३१
थांबा जरा. सी-४०२ तू एक नीट सांग. क्लच सोडताना इंजिनचा आवाज चढतो का उतरतो? म्हणजे इंजिन जोरात ओरडतं आणि गाडी जागेवरच राहते, असं आहे, का इंजिनच खाली बसतं?

सी-४०२, रात्री ९:३३
खाली बसतं काका. दबतं आणि बंद पडतं.

ए-१०१ काका, रात्री ९:४१
मग २८०० खिशातच ठेव. क्लच प्लेट झिजल्या की त्या घसरतात, इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचत नाही म्हणून इंजिन मोकळं सुटतं, रेस वाढते आणि गाडी वाढत नाही, चढाला तर हमखास, आणि जळका वासही येतो. घसरणाऱ्या क्लचने इंजिन बंद पडत नाही, कारण त्याच्यावर वजनच येत नाही. तुझं इंजिन बंद पडतंय म्हणजे क्लच चांगला पकडतोय. आता दोनच गोष्टी राहिल्या, एक तर इंजिनमध्येच दम नाही किंवा पुढे कोणीतरी गाडीला धरून ठेवलंय. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, बस असो नाहीतर मोटरसायकल, आधी हे दोन वेगळे करायचे आणि मग पान्याला हात लावायचा.

बी-६०३, रात्री ९:४३
काका पण ते वेगळं कसं करायचं, चालवताना तर दोन्ही सारखंच वाटतं ना

ए-१०१ काका, रात्री ९:५२
नाही वाटत सारखं, लक्ष दिलं तर कळतं. इंजिनमध्ये दम नसेल, म्हणजे स्लो जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, तुंबलंय, प्लग मध्येच ठिणगी देत नाही, एअर फिल्टर भरलाय, तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीला हळूच रेस दिली तरी अडखळतं, आयडलिंग वरखाली होतं, शक्यतो थंड असताना जास्त त्रास. आणि कोणी धरून ठेवलं असेल तर न्यूट्रलला इंजिन एकदम साफ फिरतं, फक्त वजन आलं की बसतं. सी-४०२ आपल्या बेसमेंटच्या रॅम्पवरून उतरताना न्यूट्रल केली तर गाडी आपली आपण पळते का?

सी-४०२, रात्री ९:५८
काका हे तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. पूर्वी रॅम्पवर ब्रेक धरून उतरायला लागायचं. आता संध्याकाळी आल्यावर ब्रेक सोडला तरी गाडी हळूच येते, काल तर मध्येच थांबली, मला वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे. सकाळी असं होत नाही. न्यूट्रलला रेस एकदम साफ आहे. आणि हो मायलेज ४५ वरून ३६ वर आलंय.

ए-१०१ काका, रात्री १०:०१
ब्रेक धरतोय. उद्या संध्याकाळी ऑफिसवरून आलास की गाडी थंड व्हायच्या आत खाली मला फोन कर. येताना पुढचा ब्रेक कमी वापर, मागचा वापर, आणि हळू ये. गरम झालेला ब्रेक रस्त्यात पूर्ण जाम झाला तर पुढचं चाक अडकून पडशील, हे गमतीवारी घेऊ नकोस.

एफ-१०४, सेक्रेटरी, रात्री १०:०५
गाडीची चर्चा पार्किंग ग्रुपवर घ्यायची का? इथे पाण्याच्या टँकरचा मेसेज वर गेला.

बी-६०३, रात्री १०:०६
सर उद्यापर्यंत राहू द्या प्लीज, सगळ्यांकडे टू व्हीलर आहे, सगळ्यांनाच कामाचं आहे

एफ-१०४, सेक्रेटरी, रात्री १०:०७
ठीक आहे. टँकर उद्या सकाळी ७ ला, कृपया नोंद घ्यावी.

ए-१०१ काका, रात्री १०:१५
डी-२०५ वहिनी, मुलाच्या गाडीचं विसरलो नाही मी. त्याची रेस चढते का उतरते?

डी-२०५, रात्री १०:२२
त्याला विचारलं. म्हणतो चढते, कात्रजच्या घाटात इंजिन ओरडत होतं आणि गाडी चालत्या माणसासारखी. ऑइल बदलल्यापासून सुरू झालंय. त्याच्या बाबांनी कारचं उरलेलं ऑइल टाकलं होतं.

ए-१०१ काका, रात्री १०:३०
मग तुमचा खरोखर क्लच घसरतोय, पण प्लेट लगेच घेऊ नका. मोटरसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचा तसा नसतो. कारच्या कितीतरी ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, इंजिनला चांगली पण आपल्या प्लेटांना ती घसरवतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं, म्हणजे अशा ऑइलमधल्या क्लचला चालणारं ऑइल घ्यायचं, ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तीच. जुनं काढा, नवीन टाका, शंभर दीडशे किलोमीटर चालवून परत काढून टाका. आणि क्लच लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई आहे ना बघा, तार ताणलेली असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि तेही घसरल्यासारखंच वाटतं. एवढं करून नाहीच गेलं तर प्लेटा बदला.

ए-३०५, रात्री १०:३३
हे मला माहीतच नव्हतं, मी पण एकदा कारचं टाकलंय. उद्याच बघतो.

सी-४०२, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ७:०५
काका आलो, पार्किंगमध्ये बी विंगच्या खाली.

बी-६०३, संध्याकाळी ८:२०
काय झालं सांगा ना, मी वर कॉलमध्ये अडकले

सी-४०२, संध्याकाळी ८:४८
सगळं नीट लिहितो म्हणजे कोणाला उपयोग होईल. आल्या आल्या काकांनी डबल स्टँडवर लावायला लावली, मागचं चाक हाताने फिरवलं तर मस्त फिरलं, चेन पण एक पूर्ण फेरा बघितली, कुठे टाईट नाही. मग मला मागे कॅरियर दाबून धरायला सांगितलं, तसं केलं की पुढचं चाक उचललं जातं. पुढचं चाक काकांनी दोन हातांनी फिरवलं तर अर्धा फेरा पण जाईना. डिस्कवर बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्र करून वाफ झाली. इतकी गरम. म्हणजे तीन आठवडे मी ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो आणि साफ होत होता कार्बोरेटर!

मग मला वाटलं कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग, गेला. काका म्हणाले अजून नाही सांगता येत. त्यांनी ब्रेकच्या लिव्हरचा बोल्ट काढून अख्खी लिव्हरच बाहेर काढली, आणि अक्षरशः त्याच क्षणी चाक मोकळं. एका हाताने फिरायला लागलं. मी बघतच राहिलो

बी-६०३, संध्याकाळी ८:५०
लिव्हर काढून चाक कसं सुटलं?? लिव्हर तर हँडलला आहे

ए-१०१ काका, संध्याकाळी ९:०३
सांगतो. वर हँडलला मास्टर सिलेंडर असतो, लिव्हर त्याचा पिस्टन आत ढकलते. ब्रेक सोडला की पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, तेव्हाच आतलं एक बारीक भोक उघडतं आणि लाइनमधलं तेल वरच्या डबीत परत जाऊ शकतं. याची लिव्हर गणपतीच्या आधी गाडी पार्किंगमध्ये पडल्यावर तुटली होती आणि रस्त्यावरच्या दुकानातून कुठलीतरी बसवून घेतली. तिचं आतलं टोक जरा जाड आहे, ते पिस्टनला थोडं दाबूनच धरतं, भोक बंद राहतं. सकाळी तेल थंड म्हणून काही जाणवत नाही. दोन चार सिग्नलला ब्रेक मारले की तेल तापतं, तापलं की फुगतं, परत जायला वाट नाही म्हणून पॅड स्वतःच डिस्कला दाबून धरतात, मग घासून अजून तापतं. म्हणून याची गाडी राजाराम पुलापर्यंत बरी आणि दांडेकर पुलाला मरते.

लिव्हर काढून सुटलं नसतं तर पुढची पायरी, कॅलिपरचा ब्लीडिंगचा नट, ज्यातून ब्रेकचं तेल बाहेर काढतात तो, जरासा ढिला करायचा, भांडं आणि फडकं खाली धरून, ते तेल रंगावर पडलं तर रंग जातो आणि डिस्कवर पडलं तर ब्रेक लागत नाही. नट ढिला करून चाक सुटलं तर दाब वर कुठेतरी अडकलाय, मास्टर सिलेंडर किंवा आतून फुगलेला पाइप. तरीही सुटलं नाही तर कॅलिपरचाच पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सुकल्यात. एबीएसवाली गाडी असेल तर हे घरी करू नका, त्यात अजून भाग असतात.

सी-४०२, संध्याकाळी ९:१०
काकांनी बी-६०३ ची गाडी शेजारीच होती ती दाखवली, तेच मॉडेल. तिची लिव्हर पाच एक मिलिमीटर हलते आणि मग ब्रेक लागतो, माझी शून्य. हाताला रोज लागत होती आणि मला मात्र नवीन लिव्हर कडक आहे म्हणून बरं वाटत होतं.

ए-३०५, संध्याकाळी ९:१२
मग आता घासून बारीक करायची का ती?

ए-१०१ काका, संध्याकाळी ९:१४
नाही. ब्रेकला कानस लावायची नाही. ओरिजिनल लिव्हर घ्यायची. ब्रेक तेलही चहासारखं काळं झालंय, ते हवेतलं पाणी ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदलायला हवं. डबीच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच आणायचं, सीलबंद छोटी बाटली. पॅड एका बाजूचे फार झिजलेत, ते पण बदल, आणि पिना काढून पुसून ब्रेकचं ग्रीस लावू. साधं ग्रीस नको आणि पेट्रोलने धुवायचं तर अजिबात नाही, रबरी सील फुगतात.

सी-४०२, शनिवार दुपारी १:२०
लिव्हर, पॅड, तेल सगळं मिळून ६४० झाले. काकांनी पैसे घेतले नाहीत, आईने पुरणपोळ्या पाठवल्यात, त्या तरी घ्या काका.

सी-४०२, सोमवार संध्याकाळी ७:३०
आज मुद्दाम पोरीला मागे बसवून स्वारगेटपर्यंत जाऊन आलो, सातही सिग्नल लाल मिळाले आणि एकदाही बंद पडली नाही. क्लच सोडला की आपोआप सरकते, रेस द्यायच्या आधीच. पोरगी म्हणाली बाबा आज गाडी रागावली नाही.

ए-१०१ काका, संध्याकाळी ७:३४
आल्यावर पाणी टाकून बघितलंस का? हात लावू नकोस डिस्कला.

सी-४०२, संध्याकाळी ७:३५
बघितलं काका. नुसतं ओघळलं, वाफ नाही. रॅम्पवर पण परत ब्रेक धरून उतरावं लागलं.

डी-२०५, संध्याकाळी ७:५२
आमचं पण ऑइल बदललं, एमए२ वालं. घाटात अजून थोडी घसरते म्हणतो पण खूप फरक आहे. दुसऱ्यांदा बदलल्यावर कळवते.

बी-६०३, संध्याकाळी ७:५५
काका माझं ब्रेक तेल चार वर्षं बदललेलं नाहीये, तुम्ही म्हणालात म्हणून डबी बघितली, अगदी काळं आहे. रविवारी बघाल का, बाटली मी आणते

ए-१०१ काका, संध्याकाळी ८:०१
ये १० वाजता. जुनी चड्डी बनियनची फडकी आणि एक रिकामी बाटली आण, आणि गाडी डबल स्टँडवर लावून ठेव. तेल तू स्वतः बदलायचंस, मी फक्त शेजारी बसणार.