पावडर कोटिंगची ऑटो लाइन: आतल्या कोपऱ्यात कोट बसेना झालाय

उद्यमबाग_गनवाला
नमस्कार मंडळी. मी 9 वर्षं पावडर फवारायची हँड गन चालवलो, आता आमच्याकडं ऑटो लाइन आलीय, वर कन्व्हेअर, दोन्ही बाजूला वर-खाली होणाऱ्या गन, पुढं ओव्हन. बसवणारे दोन दिवस शिकवून गेले, अर्धं डोक्यावरनं गेलं. पहिला महिना झकास, आता पंपाच्या बॉडीत आतल्या कोपऱ्यात लोखंड दिसायलंय आणि बाहेरच्या कडेला ढीगभर पावडर. गनचं व्होल्टेज 100 केव्हीपर्यंत (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) चढवलो तर अजून बिघडलं, संत्र्याच्या सालीगत झालं. परवा पीस धरताना हाताला झटका बसला. आणि पीस आला हे गनला कळतं कसं ओ? मालक म्हणतोय तुझ्या हातात खोट हाय, आता हात तर मी लावतच नाय!

मच्छे_मेंटेनन्स
आधी केव्ही खाली आणा बघू. गनच्या टोकाला पावडरला चार्ज मिळतो, पीस अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो म्हणून ती तिकडं ओढली जाते. खोल कोपऱ्यापर्यंत ते ओढणं पोचतच नाय, सगळी कडेलाच चिकटते, फॅरेडे केज म्हणतात ते हेच. व्होल्टेज वाढवलं की कडा अजून ओढतात, वर बसलेल्या थरात चार्ज साठून नवीन पावडरला मागं ढकलतो, तीच तुमची संत्र्याची साल. 50-60 वर या, पावडरची हवा पण कमी करा, नायतर आत बसलेली उडून जाते.

पण पहिला महिना चांगला गेला म्हणताय ना, मग हुक बघा हुक! पीसबरोबर हुकावर पण पावडर बसते, ओव्हनमध्ये भाजून कडक होते आणि भाजलेली पावडर म्हणजे पक्का इन्सुलेटर. पीस लोंबकळतोय खरा पण अर्थ लागत नाय, चार्जला वाट मिळेना म्हणून तो तुमच्या हातातनं गेला. मेगर (रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावून पीसपासून अर्थपर्यंत बघा, 1 मेगाओमच्या आत पाहिजे. झटका बसला म्हणून हसण्यावारी नेऊ नका, बूथमध्ये, म्हणजे फवारणीच्या खोलीत, पावडर उडत असताना ठिणगी पडली तर पेट घेते.

खानापूरकर_पीएलसी
गनला कायबी कळत नाय 😄 बूथच्या तोंडाला फोटो सेन्सर असतात, ते पीस आला-गेला बघतात, काही लाइनला उंची पण. कन्व्हेअरच्या चेनला एन्कोडर, म्हणजे चेन किती सरकली ते मोजणारा सेन्सर असतो, चेन सरकली की त्यातनं पल्स येतात. समजा सेन्सरपासून गन 2 मीटरवर हाय, पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर) तेवढे पल्स मोजतो आणि मग गन सोडतो, पीस पुढं गेला की बंद. घड्याळावर नाय, अंतरावर चालतंय सगळं, म्हणून जेवायला लाइन थांबवली तरी हिशोब चुकत नाय.
एक सांगतो, प्रॉडक्शनसाठी मालक कन्व्हेअर फास्ट करायला लावला आणि गनचं वर-खाली तसंच ठेवलात तर पीसवर पट्टे येणार. दोन्ही एकत्र बदलायचं. मी आधी लिक्विड पेंटच्या लाइनवर होतो, तिथं गनच्या जागी बेल, म्हणजे फिरणारा कप असतो, तो मिनिटाला 20-50 हजार फेरे फिरतो आणि त्याच्या कडेवरनं पेंटचं धुकं सुटतं. पण चार्ज आणि अर्थचं दुखणं तिथं पण हेच.

काकतीचा_अण्णा
हुक थिनरनं पुसत बसू नका, भाजलेली पावडर त्यानं निघत नाय. हुकावरची पावडर जाळून काढणारा बर्न-ऑफ ओव्हन नसला तर पीस टेकतो तेवढी जागा तरी फाइलनं घासा, आणि पुढच्या वेळी धारेवर टेकणारे हुक करून घ्या, धारेवर कमी साठते.
दुसरं, कास्टिंग असेल तर बारीक भोकं पण येत असतील बघा. आत अडकलेली हवा ओव्हनमध्ये फुटून येते. कोट मारायच्या आधी पीस एकदा 200 डिग्रीच्या वर गरम करून घ्यायचा. आणि आपल्याकडं जून-जुलैत टॉवेल वाळत नाय तिथं कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किती असेल, ड्रायर बंद पडला का बघा, ओली पावडर गुठळ्या करते.

उद्यमबाग_गनवाला
मच्छेवाले दादा, काल 12 हुक घासून लावलो, केव्ही 55. त्या बारा पीसमध्ये दहाचे कोपरे भरले, दोनला हातानं टच-अप दिलो. बाकीच्या हुकांवर पावडरचा थर इतका हाय की हुक अंगठ्याएवढा जाड दिसायलाय, मालकाच्या टेबलावर एक नेऊन ठेवलो, कायबी बोलला नाय. बारीक भोकं पण हायेत अण्णा, ते पुढच्या आठवड्यात बघतो.