सामानगडाच्या फलकावर काय लिहायचं : ‘बंड’ की ‘स्वातंत्र्ययुद्ध’?

करवीरकर
गडहिंग्लज तालुक्यातल्या सामानगडावर 1844 ची माहिती देणारा फलक लावायचा झाला, तर त्यावर शब्द कुठला हवा? माझं मत स्पष्ट आहे. ‘गडकऱ्यांचं बंड’ हे इंग्रजांच्या दप्तरातलं नाव, ते आपण किती दिवस वागवायचं? गडकऱ्यांनी, म्हणजे गडाच्या वंशपरंपरागत पहारेकऱ्यांनी, आतून दरवाजे लावून घेतले, भुदरगड त्यांना मिळाला, मग पन्हाळा-पावनगड उठले, कोल्हापुरात खुद्द कारभाऱ्याला कैद केलं, ठिणगी सावंतवाडीपर्यंत गेली. हे सगळं 1857 च्या तेरा वर्षं आधी. फलकावर ‘कोल्हापूरचं पहिलं स्वातंत्र्ययुद्ध’ असंच लिहायला हवं.

दप्तरी
करवीरकर, शब्द मोठा केला की माणसं लहान होतात. गडकरी का उठले ते आधी बघू.

1838 ला शहाजी उर्फ बुवासाहेब महाराज वारले. वारस अल्पवयीन. थोडी वर्षं राणीसाहेबांकडून कारभार चालला, मग इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. त्यांनी महसुलाची घडी बसवताना सामानगड-भुदरगडाच्या जमिनींचा कारभार गडाकडून काढून मामलेदाराकडे दिला. आपल्याला ही कागदावरची फेरफार वाटेल. पण गडकऱ्याचा पगार म्हणजे ती जमीनच. पिढ्यान् पिढ्या दरवाज्यावर, बुरुजावर, मेटावर पहारा द्यायचा आणि त्याबदल्यात गडाखालचं शेत कसायचं. ते शेत मामलेदाराच्या वहीत गेलं की आज धारा वाढेल, उद्या ‘सेवेची गरज नाही’ म्हणून खालसा होईल. भीती ही होती आणि ती रास्त होती. पण हा वतन राखायचा लढा आहे. त्याला स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की नेमकं कारण झाकलं जातं.

गडवाट
दप्तरी, कारण बरोबर सांगितलंत, पण एक दुवा सुटला. 1827 ला इंग्रजांशी झालेल्या तहात कोल्हापूरच्या फौजेला मर्यादा घातली होती : 400 स्वार आणि 800 पायदळ, *गडांची शिबंदी (गडावर नेमलेली माणसं) सोडून*. म्हणजे छत्रपतींच्या राज्यात इंग्रजांच्या आकड्याबाहेर उरलेला हत्यारबंद माणूस एकच, गडकरी. त्याची जमीन मामलेदाराकडे गेली की शिबंदी आपोआप विरघळणार होती. त्यामुळे वतन आणि राज्याची ताकद या 1844 साली दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

आता लढाईचं. पावसाळ्यात गड धरला हा शहाणपणाचा डाव होता. बेळगावहून फौज आणायची तर वाटेत घटप्रभा, काळी माती. हलक्या तोफा येतात, पण त्यांच्या गोळ्याने तट पडत नाही. तटाला खिंडार पाडायला 18 किंवा 24 पौंडी गोळ्याची तोफ लागते. 24 पौंडी तोफेची नुसती नळी अडीच टनांच्या आसपास. चाक आसापर्यंत रुतलं की बैल कितीही जुंपा, गाडा हलत नाही. खाली लाकडं घालून, पहारीने उचलून हातहात पुढे सरकवायचा. म्हणून सप्टेंबरात फौज पायथ्याशी आली तरी सामानगड पडला 13 ऑक्टोबरला, पाऊस उघडल्यावर, जनरल डेलामोटच्या हाताखाली.

जांभा
गडवाटरावांचं तोफांचं बरोबर, तटाबद्दल थोडी भर.

सामानगडाचा दगड जांभा. गडावरच्या विहिरी, ती सात कमानींची धरून, याच खडकात खोल कापलेल्या. जांभा काढताना मऊ, हवा लागली की कडक होतो, तरी काळ्या बेसाल्टइतका टणक कधीच नाही. गोळा बसला की त्याचा भुगा होतो. एक-दोन गोळ्यांनी फरक पडत नाही, पण तोफखाना एकाच रेषेत, तटाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात सलग मारत राहिला की वरचा भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्या ढिगाऱ्याचाच उतार होतो आणि शिपाई त्यावरून वर चढतात.

यावर आतल्यांचा उपाय एकच : खिंडार दिसायला लागलं की त्यामागे रात्रीतून माती, लाकूड, गोणी रचून दुसरी भिंत उभी करायची. त्याला माणसं लागतात. आणि गडकऱ्यांची अडचण तिथंच. शिबंदी नेमलेली पहाऱ्यापुरती, वेढा झेलण्यापुरती नव्हे. भुदरगड बघा, वर दूधसागरासारखा तलाव, पाण्याची ददात नाही. पण एवढा लांब तट धरायला माणूस कुठून आणणार?

दप्तरी
गडवाट, तहातला मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण जांभा यांनी लिहिलं त्यावरूनच माझं म्हणणं पक्कं होतं. सामानगड ऑक्टोबरात, भुदरगड नोव्हेंबरात, पन्हाळा 1 डिसेंबरला. एकेक गड एकेकटा पडला. घेराव घालणारी फौज एका गडावरून मोकळी झाली की दुसऱ्याकडे सरकली. ती वाटेत असताना तिची रसद तोडणं, बैल पळवणं हे सह्याद्रीतल्या युद्धाचं पहिलं पान. ते नेटाने झालं असतं तर पन्हाळ्यापर्यंत तोफा इतक्या लवकर गेल्या नसत्या. एक सेनापती नाही, एक मागणी नाही. युद्ध म्हणायला निदान एवढं तरी लागतं.

आणि 1857 शी सांधा जोडताना जपून. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरातली इंग्रजांची 27 वी देशी पलटण उठली तेव्हा शहराचे दरवाजे त्यांना बंद मिळाले. शहर उठलं ते डिसेंबरात, आणि इंग्रज अधिकारी जेकबने वेस उडवून आत शिरून ते चिरडलं. छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेलं, 1869 ला ते तिथंच वारले. एका वर्षातले हे दोन उठावसुद्धा एकमेकांना भेटले नाहीत.

करवीरकर
एक सेनापती नव्हता हे कबूल. पण मागणी नव्हती हे कबूल नाही. बाबाजी अहिरेकर शहरातून माणसं घेऊन पुढे झाले, दाजी पंडितांना अटक झाली, साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल ओव्हान्सला पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं. कारभारी आणि रेसिडेंट दोघंही धरले, याचा अर्थ लोकांना दुखणं कुठलं आहे ते नेमकं कळलं होतं. जमीन मामलेदाराने घेतली, पण मामलेदारामागे कोण उभं आहे हे त्यांनी ओळखलं.

आणि इंग्रजांनी काय ओळखलं तेही बघा. नुसता वतनाचा तंटा असता तर जमिनी परत देऊन मिटला असता. त्यांनी गड मोडले, पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, मोहिमेचा खर्च कोल्हापूरच्या खजिन्यातून वसूल केला.

गडवाट
चार दरवाज्याचा दाखला मोलाचा आहे. तीन दरवाजा आज उभा आहे, त्याची कोरीव गणेशपट्टी हात लावून बघता येते. चार दरवाज्याच्या जागी अवशेष. पाडणाऱ्याला कुठली वाट कायमची उघडी हवी होती ते तिथं उभं राहिलं की समजतं.

दप्तरी
‘बंड’ हा शब्द मी सोडतो. बंड म्हणजे धन्याविरुद्ध. यांचा धनी छत्रपती होता, आणि त्याच्याविरुद्ध ते उठले नव्हते. ‘स्वातंत्र्ययुद्ध’ला मात्र माझी हरकत कायम. ‘उठाव’ लिहा, आणि कारण लिहाच. माझा मसुदा :

‘गडकऱ्यांचा उठाव, 1844. गडाच्या जमिनींचा कारभार मामलेदाराकडे दिल्यावरून सामानगडाच्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले. 13 ऑक्टोबरला इंग्रज फौजेने हल्ला करून गड घेतला.’

जांभा
त्यात विहिरींची एक ओळ घाला. तटाचा दगड आणि गडाचं पाणी एकाच खोदकामातून निघालं, हे बघायला येणाऱ्याला सांगितल्याशिवाय दिसत नाही.

करवीरकर
विहिरींची ओळ हवीच. पण ‘इंग्रज फौजेने गड घेतला’च्या आधी ‘ऐन पावसाळ्यापासून लढवला’ हे शब्द आले नाहीत तर मला मसुदा मान्य नाही.