मदत हवी आहे : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्येच तुटला, ईझी-आउट लावू का?

नमस्कार. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग). एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) गॅस्केट बदलायला नट सोडताना अगदी टोकाचा स्टड (हेडमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा) तुटला. एम८ (८ मिमी जाडीचा), आटे १.२५ मिमीचे. बाहेर जेमतेम ४ मिमी उरलाय, व्हाइस ग्रिप (घट्ट धरणारी पक्कड) घसरतो. शेजारच्या नटाचे कोपरे गेलेत, १२ चा पाना नुसता फिरतो. मॅनिफोल्ड अजून जागेवरच आहे. ईझी-आउटचा (तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून, त्यात उलटा पिळून स्टड काढायचं हत्यार) सेट हाताशी आहे. हेड न उतरवता काम होईल का?

प्रतिसाद १
ईझी-आउट बाजूला ठेवा. ज्या स्टडला १२ च्या पान्याचा जोर सोसला नाही, त्याच्या पोटात ५ मिमीचं भोक पाडून बारीक ईझी-आउट पिळला तर आधी ईझी-आउटच तुटेल. तो इतका कडक असतो की साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल त्यावरून घसरून शेजारच्या मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसतं. मग त्याहून कडक कार्बाइडचं ड्रिल शोधा, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढणारा) न्या.

४ मिमी बाहेर आहे हे नशीब समजा. त्यावर नट वेल्ड करायचा. मात्र आधी शेजारचा नट काढून मॅनिफोल्ड उतरवा. नट स्प्लिटरने तो फोडता येतो. स्प्लिटर बसायला जागा नसेल तर छिन्नीने एका बाजूने चिरा. स्टडसकट निघाला तरी बिघडत नाही, नवा स्टड टाकायचाच आहे.

प्रतिसाद २
वेल्डिंगचं नीट सांगतो, चुका इथेच होतात.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडा, पेट्रोलची गळती नाही ना ते बघा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात मुरणारं तेल) मारलं असेल तर ब्रेक क्लीनरने पुसून घेऊ नका, क्लोरीनयुक्त क्लीनर वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू सोडतो. कोरड्या कापडाने पुसून वायर ब्रशने टोक चकाकेपर्यंत घासा. अर्थिंगचा चिमटा हेडलाच, स्टडच्या जवळ लावा.

स्टडवर पातळ वॉशर, त्यावर एम८ चा साधा, झिंक नसलेला नट. मिग वेल्डरची तार नटाच्या पोटात सोडून वेल्ड स्टडच्या मधोमध सुरू करा आणि बाहेर पसरू द्या. कडेपासून सुरू केलं तर नट पकडतो, स्टड कोराच राहतो, आणि फिरवताच नट हातात येतो. लाली गेली की मिनिटभर थांबा. मग आधी किंचित आवळा, मग सोडवा, पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे. कर्रर्र आवाज आला की थांबा, तेलाचा थेंब सोडा, पुन्हा तसंच. पहिला नट निसटला तर दुसरा लावा. दोन-तीनदा करावं लागतं. प्रत्येक वेळच्या तापण्या-निवण्याने आट्यांतला गंज सुटत जातो, खरं काम तेच करतं.

प्रश्नकर्ता
आणि स्टड हेडला सपाट तुटला तर?

प्रतिसाद २
मग वेल्डने टोक थोडं थोडं उंच करून त्यावर नट. तेही नाही जमलं तर बरोबर मध्यावर सेंटर पंच, ३ मिमी, मग ५ मिमी, शक्यतो उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने. कित्येकदा तोच स्टड बाहेर घेऊन येतो. पंच अर्धा मिमी सरकला तरी पुढचं सगळं वाकडं जातं, त्यामुळे इथे घाई नको. आटे गेले तर ८.३ मिमीने भोक मोठं करून एम८ चा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी).

प्रतिसाद ३
टोकाचेच स्टड का तुटतात तेही बघा. मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो, लांबीत पसरतो आणि कडेच्या स्टडना आडवा ताण देतो. उतरवल्यावर त्याच्या फ्लँजवर (हेडला टेकणारा सपाट भाग) सरळ पट्टी धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. वाकला असेल तर मशीनिंग करून घ्या, नाहीतर नवा स्टडही जाईल.

काही इंजिनांत ही भोकं वॉटर जॅकेटमध्ये (इंजिन थंड करणाऱ्या कूलंटची पोकळी) उघडतात. स्टड निघताना कूलंट आला तर नव्या स्टडला थ्रेड सीलंट लावा. कोरडं भोक असेल तर निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण), अगदी पातळ. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला कोरड्या आट्यांसाठी असतो, अँटी-सीझवर तेवढाच दिला तर स्टड जास्त ताणला जातो. नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन टप्प्यांत आवळा.