कुत्रा आणि डोंगर एकाच चौकटीत

काळ्या कुत्र्याचा डोंगरासह फोटो काढताना डोंगर नीट आला की कुत्रा काळा ठिपका होतो आणि कुत्रा नीट आला की आकाश पांढरेफटक पडते, ही अडचण खरी आहे. परंतु तिचे मूळ कॅमेऱ्यापेक्षा वेळेच्या निवडीत आहे, असे मला वाटते. भर दुपारी आकाश आणि काळे केस यांच्या उजेडातील तफावत एका फोटोत मावत नाही. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात सूर्य पाठीशी ठेवून उभे राहिल्यास ती पुष्कळ कमी होते आणि कुत्र्याच्या डोळ्यांत उजेडाचा तो बारीक ठिपकाही उमटतो, ज्यावाचून काळा चेहरा निर्जीव दिसतो.

उभ्याने खाली पाहून फोटो काढल्यास मागे बहुतेक गवतच येते. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येत असल्याने, पोटावर झोपून कॅमेरा कुत्र्याच्या छातीपाशी आणला की त्याचे डोके क्षितिजाच्या वर, मोकळ्या आकाशात उठून दिसते. (कपडे मळतात, त्याला इलाज नाही.)

अ‍ॅपर्चर (भिंगातून उजेड आत सोडणारे छिद्र) फार उघडे ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र मोठे ठेवून, जवळून घेतलेल्या फोटोत डोळा स्पष्ट, नाक धूसर आणि डोंगर म्हणजे नुसता निळा डाग, असा प्रकार होतो. एफ/८, म्हणजे लहान छिद्र, आणि शटरचा वेळ सेकंदाचा पाचशेवा भाग, हे मला बरे वाटते. कुत्र्याचे लक्ष वेधणारी शिट्टी अगदी शेवटी, सर्व तयारी झाल्यावरच वाजवावी, कारण दुसऱ्या शिट्टीला कान तसे टवकारले जात नाहीत.