प्र: मँचेस्टरची झेरॉक्स?

व्हिस्परिंग सन्स या बेल्जियन पोस्ट-पंक रॉक बँडचा ‘इमेज’ हा पहिला अल्बम म्हणजे ‘मँचेस्टरची चाळीस वर्षांनी काढलेली झेरॉक्स’, हे मत मला अर्धंच पटलं. बँडच्या फेने कुपेन्सचा तो खर्जातला आवाज ऐकला की जॉय डिव्हिजन हा मँचेस्टरचा जुना बँड आठवतो, हे कबूल (पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गायिका आहे हे सांगूनही खरं वाटत नाही!). पण या काळवंडलेल्या संगीताचं लोण बेल्जियमात काही आज पोचलेलं नाही. खुद्द जॉय डिव्हिजन ऑक्टोबर १९७९ मध्ये ब्रसेल्सच्या ‘प्लॅन के’मध्ये, म्हणजे साखरेच्या एका जुन्या कारखान्यात, वाजवून गेले होते. आणि व्हिस्परिंग सन्स हा बँड मूळचा बेल्जियममधल्याच लिम्बर्गचा. त्याच प्रांतातल्या गेंक या कोळसाखाणींच्या शहरात सिग्लो एक्सएक्स नावाचा बँड १९७८ पासून असंच काळवंडलेलं संगीत करत होता. तेव्हा उसनवारी असलीच तर ती बरीचशी घरातलीच.

‘स्पर्धा जिंकली आणि लगेच अल्बम काढला’ हेही तितकंसं खरं नाही. ‘ह्यूमो’ या बेल्जियन साप्ताहिकाची ‘रॉक रॅली’ ही बँडची स्पर्धा त्यांनी २०१६ मध्ये जिंकली, त्याआधी २०१५ मध्ये एक ईपी (अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका) आली होती, आणि ‘इमेज’ आला थेट २०१८ च्या ऑक्टोबरात. दरम्यान मंडळी लिम्बर्ग सोडून ब्रसेल्सला राहायला आली. अल्बमभर जो परकेपणा आहे तो त्या शहराचा आहे. उत्तरार्ध जरा एकसुरी होतो, पण ते त्यांचं स्वतःचं दुखणं, जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिसचं नव्हे.